शनिवारचं बारसं

साताऱ्यातल्या एका वधूपित्याकडं आमच्या प्रोग्रॅमनं एकदा जिलेबी परत मागितली होती. लग्न लागलेलं, पंगती उठलेल्या, मुलगी सासरी निघायच्या बेतात, आणि मंगल कार्यालयाच्या ऑफिसातल्या प्रिंटरमधून करकरत कागद बाहेर आला. वर लिहिलेलं, ‘परत यायचं सामान’. त्यात पातेली होती, ताटं-वाट्या होत्या, सतरंज्या होत्या आणि त्यांच्याच रांगेत जिलेबी, मठ्ठा आणि तांदूळ. वधूपिता तो कागद घेऊन कार्यालयाच्या मालकांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, “आबा, ताटं मोजून घ्या. जिलेबी मात्र व्याह्यांच्या पोटातनं तुमची तुमीच काढा.”

आबांनी सांगलीला फोन लावला. फोन मी उचलला. पुढं आबा जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

मी चौगुले. नव्वदच्या दशकात मी आणि माझा कॉलेजातला मित्र श्रीपाल, आम्ही विश्रामबागेत एका दाताच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या घेऊन प्रोग्रॅम लिहून द्यायचा धंदा काढला होता. श्रीपाल गिऱ्हाईक आणायचा, मी कोड लिहायचो. खाली दात उपटत, वर आम्ही आपापल्या चुका उपटत बसायचो. वरच्या माझ्या खुर्चीनं माझी पाठ धरली ती कायमची. आता निवृत्त आहे. नातू मला फोन कसा वापरायचा ते शिकवतो आणि मी मुकाट शिकतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रोग्रॅमरचं काम म्हणजे गणित. अहो, कसलं गणित! बेरीज-वजाबाकी यंत्र करतं. आमचं निम्मं काम नाव देण्याचं असतं. ‘क्लास’ म्हणून जो प्रकार आम्ही लिहितो, तो म्हणजे एक साचा. वीटभट्टीवर लाकडी साचा असतो ना, तसा. साचा एक, विटा हव्या तेवढ्या. ‘ताट’ नावाचा साचा एकदा लिहिला की कार्यालयातली सगळी ताटं त्यातून निघतात. ताट कुठं गेलं, कुणाकडं आहे, परत कधी येणार, हे सगळं त्या साच्यात ठरलेलं असतं. असे साचे एका गिऱ्हाइकासाठी पन्नास-साठ होतात, त्यांचा एक प्रोजेक्ट होतो. आणि सहा महिन्यांनी काही बिघडलं की तो प्रोजेक्ट आपणच उघडतो, पण आत काय लिहिलंय ते आपल्यालाच आठवत नसतं. नाव वाचायचं आणि हात घालायचा. नाव चुकीचं असलं की हात चुकीच्या ठिकाणी जातो.

साताऱ्याच्या कार्यालयासाठी मी ‘सामान’ असा एकच साचा केला होता. कार्यालयात येतं ते सगळं सामान, आणि बाहेर गेलं की परत आलं पाहिजे. पातेलं परत येतं आणि जिलेबी येत नाही, हे मला पंगतीत बसल्यावर ठाऊक असायचं, कोड लिहिताना नव्हतं.

एकूणच आमच्याकडं नावांची कळा काही बरी नव्हती. मशीनवरच्या फोल्डरांना ‘नवा’, ‘नवा दोन’, ‘फायनल’, ‘खरा फायनल’ अशी नावं. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा चालू प्रोग्रॅम ‘जुना’ नावाच्या फोल्डरात होता. का, तर त्या मशीनवर जागा होती. शिवाय ‘इतर’ नावाचा एक फोल्डर. घरात माळा असतो, तिथं मोडका पाळणा, फुटके कंदील आणि आजोबांची पगडी एकत्र सापडते, तसा तो. कुठं घालावं ते कळलं नाही की घाल ‘इतर’मध्ये. निम्मा धंदा त्या माळ्यावर होता.

जिलेबी निस्तरायला मी साताऱ्याला गेलो तेव्हा बरोबर सुजाताला नेलं. सुजाता कांबळे, आमच्याकडं नुकतीच लागली होती. वडील सांगलीला पोस्टात, मूळ गाव माणमधलं, आईचं माहेर आटपाडीचं. बोलायची कमी, पण बोलली की आपण हातातलं काम थांबवायचो. आबांनी आधी आम्हाला भरपूर ऐकवलं, मग भरपूर जेवायला घातलं. साताऱ्याची ही रीत मला फार आवडते.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, “सर, ‘सामान’ काय करतं ते एका वाक्यात सांगा.”

मी म्हणालो, “बाहेर जातं, परत येतं आणि काही काही संपतं.”

“आणि आला,” ती म्हणाली.

“कोण आला?”

“तुमच्या वाक्यात ‘आणि’ आला. म्हणजे ही पोरं दोन आहेत, सर. एकाच कुंचीत घातलीत.”

कराड येईपर्यंत मी वहीत ‘सामान’ खोडून दोन साचे मांडले, कारण तिचं बरोबर होतं.

त्यातून आमच्या ऑफिसात एक रीत सुरू झाली. शनिवारी चार वाजता मशीनं बंद करायची, वर्तमानपत्रावर भडंग ओतायचं आणि त्या आठवड्यात लिहिलेल्या साच्यांचं बारसं करायचं. ज्यानं साचा लिहिला त्यानं नाव ठेवायचं नाही. आईबापाला आपल्या पोरात सगळेच गुण दिसतात. त्यानं फक्त एका वाक्यात सांगायचं, माझं पोर काय करतं. वाक्यात ‘आणि’ आला की साचा परत न्यायचा आणि दोन करून आणायचा. ‘आणि’ न येता वाक्य पुरं झालं, तर आत्यानं नाव ठेवायचं. बारशात नाव आत्याच ठेवते, हे कुणाला सांगायला नको. नाव पडेपर्यंत साचा ‘पाळणा’ नावाच्या फोल्डरात. नाव पडलं की ‘घर’ नावाच्या फोल्डरात, आपापल्या खोलीत. ‘इतर’ सुजातानं बंदच करून टाकला. त्या काळी फाइलचं नाव आठ अक्षरांच्या वर चालायचं नाही, तेही इंग्रजी आठ, त्यामुळं आत्याला डोकं खाजवावं लागे.

आत्या आधी पाळीपाळीनं व्हायची. श्रीपाल एकदा आत्या झाला तर त्यानं तीन साच्यांना ‘काम’, ‘काम दोन’ आणि ‘जास्तकाम’ अशी नावं ठेवली. त्याला आम्ही बडतर्फ केलं. मग ते पद सुजाताकडं गेलं आणि तिच्याकडंच राहिलं. तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा श्रीपालसुद्धा जिन्यातून हाक मारायचा, “आत्या, भडंग आणलंय गं.”

एका शनिवारी एका नावावर ती तासभर अडून बसली होती. श्रीपालला घरी जायचं होतं. तो म्हणाला, “अगं, ठेव काहीही. नावाचं काय एवढं? चालतंय की.”

ती म्हणाली, “माझ्या आजीचं नाव धोंडी होतं. आमच्या लोकांत चांगलं नाव ठेवलेलं गावाला चालायचं नाही. दीक्षेच्या साली आजोबांनी घरातल्या सगळ्यांची नावं नवी ठेवली. आजी यशोधरा झाली. गावात एकानंही त्या नावानं हाक मारली नाही. पण आजी पाणी भरताना स्वतःशीच म्हणायची, यशोधरा, यशोधरा. सवय व्हावी म्हणून.” एवढं सांगून ती परत कागदावर वाकली. श्रीपाल भडंगातले शेंगदाणे निवडत राहिला. त्या दिवशी नाव ठरेपर्यंत कुणी उठलं नाही.

ह्या रीतीनं आमचा धंदा सुधारला, हे खरं. चुका सापडायला लागल्या, गिऱ्हाईक शिव्या कमी द्यायला लागलं. आणि मग डेअरीचं काम आलं.

आटपाडीच्या पुढं, माणच्या शिवेला टेकलेलं गाव. लेख नावांवर आहे आणि गावाचं नाव मात्र मी देत नाही. माणसं अजून आहेत आणि वाईट नाहीत. तिथं दूध संस्था होती. दूध मोजायचा काटा, फॅट बघायचं यंत्र आणि आमचा कॉम्प्युटर एकाला एक जोडायचे, म्हणजे दूध ओतलं की मापाची चिठ्ठी आपोआप छापून हातात. चिठ्ठी मराठीत हवी म्हणून मशीनमध्ये वेगळं कार्ड बसवलेलं. त्या भागात असं पहिलंच होतं. हे गाव बघून शेजारची गावं घेणार, असा श्रीपालचा हिशेब. तो चुकीचा नव्हता.

मी ‘सभासद’ असा साचा लिहिला आणि शनिवारी बारशाला आणला. वाक्य सांगितलं, “सभासद संस्थेला दूध घालतो आणि संस्थेत मत देतो.”

“आणि आला, सर.”

श्रीपाल म्हणाला, “सभासदच दूध घालतो गं. एकच माणूस आहे.”

“आहे का? मी बघून येते, मग नाव ठेवते,” ती म्हणाली.

उंटावरून शेळ्या हाकायची आमच्या धंद्याला जुनी खोड आहे. तिला नव्हती. आटपाडीला मामाकडं मुक्कामाला गेली, पहाटेची एसटी धरून त्या गावात दोन दिवस दुधाच्या रांगेजवळ उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, “सर, सभासद मुंबईला आहेत. माथाडी कामाला. रांगेत त्यांच्या बायका आहेत. धार त्या काढतात, दूध त्या घालतात, चिठ्ठी नवऱ्याच्या नावावर निघते.”

तेव्हा साचे दोन झाले. एक ‘सभासद’, ज्याचं नाव संस्थेत आहे. दुसरा, जी किटली घेऊन येते ती. त्याचं नाव तिनं ठेवलं ‘घालणारी’. मी म्हणालो, ‘घालणारा’ ठेव, एखादा बाप्याही येतो. ती म्हणाली, “येऊ दे की. त्यानं घ्यावं चालवून.” तेव्हापासून चेअरमनांचा मिशीवाला भाचासुद्धा आमच्या प्रोग्रॅममध्ये ‘घालणारी’ होता. आम्ही फार हसलो त्या दिवशी.

मग चाचणीचा आठवडा आला. मीही गेलो. सकाळी रांग लागली, सुजाता मशीनवर बसली. पुढं एक काळी-सावळी, काटक बाई. ओठ मिटलेले, डोळे हसरे.

“खातं?” सुजातानं विचारलं. बाईनं आकडा सांगितला. तिथल्या सगळ्या बाया आकडाच सांगायच्या. खातं नवऱ्याचं, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मग आकडा बरा.

“आणि तुमचं नाव?”

“हाय की खात्यावर.”

“खात्यावर मालकांचं आहे. मी तुमचं विचारते.”

रांग हसायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, “सांग की गं, लाजतीस काय नव्या नवरीगत?”

“केराबाई,” ती म्हणाली. “एवढंच लिवा.”

प्रिंटर करकरला. चिठ्ठीवर वर सभासदाचं नाव आणि खाली, ‘दूध घालणारी: केराबाई’. बाई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, चिठ्ठीची बारीक घडी करून चोळीत खोचली आणि किटली तिथंच विसरून निघाली. रांगेतल्या बायांनी तिला हाका मारून परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. सुजाताला म्हणाली, “बाय, ह्या चिठ्ठ्या वरीसभर निघाल्या तर म्या सभासद व्हनार का?”

संस्थेचा नियमच तसा होता. जो वर्षभर नियमानं दूध घालेल त्याला सभासद होता येतं. फक्त घातलं कुणी, ते चिठ्ठी सांगणार. सुजातानं सेक्रेटरीला विचारून खात्री केली आणि तिला हो म्हणाली.

“सभासद होऊन काय करणार, केराबाई?” मी विचारलं.

“आवं, चाऱ्याची उचल सभासदाच्या सहीवर मिळती. ह्यांची सही मुंबईला. मागं दुष्काळात पत्तुर जाऊन सही यिऊस्तोवर म्हस हाडावर आली माझी. म्हस काय सहीची वाट बगत न्हाई.” एवढं बोलून तिनं किटली ओतली. “माझी सही मला येती की. म्या करंन.”

त्या आठवड्यात रांगेतल्या एकेक बाईनं नाव सांगितलं. कुणी खणखणीत, कुणी पदर तोंडात धरून. मी आयुष्यात बरंच कोड लिहिलं, पण गिऱ्हाईक चिठ्ठी वाचताना असं थांबलेलं दुसरीकडं कधी पाहिलं नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. साचा बरोबर पडला की कसं वाटतं, ते मला तिथं कळलं.

पुढच्याच आठवड्यात चेअरमन जीप घेऊन सांगलीला आले. गाव त्यांना नाना म्हणायचं. मोठं कुटुंब, मोठा आवाज, दुष्काळात स्वतःच्या विहिरीवर गावाची जनावरं पाजणारा माणूस. येताना डाळिंबांची पाटी घेऊन आले होते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “साहेब, मशीन झ्याक हाय. फकस्त चिठ्ठीवर एकच नाव ठेवा.”

“का हो, नाना?”

“दूध कोन घालतंय ते आमास्नी ठावं हाय की. मशीनला कशाला ठावं पायजे? आवं, उद्या ह्या बाया म्हनतील, वरीसभर आमी घातलं, करा सभासद. मंग एका घरात दोन सभासद, दोन मतं. इलेक्शन आली की नवरा एकीकडं, बायकू दुसरीकडं. म्या कुनाकुनाच्या पाया पडू?”

मी माझ्या धंद्याच्या आडोशाला गेलो. म्हणालो, “नाना, साचे दोन आहेत. आता एक करायचं म्हणजे सगळं मोडावं लागेल.”

“मोडू नगा की. आत ऱ्हाऊ द्या. चिठ्ठीवर नगं आन साठवू बी नगा.”

श्रीपालनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला बाहेर जिन्यात नेलं. म्हणालो, ती बाई वर्षभर चिठ्ठ्या जमवणार आहे, आपण तिला हो म्हणालोय. तो म्हणाला, “चौगुल्या, तुझे साचे बरोबर आहेत. पण डेअरी त्यांची आहे, लेका. त्यांनी एक नाव मागितलं तर दोन कसं देणार?” मी बराच वेळ भांडलो. खालून दवाखान्याची बाई बघायला आली, इतकं. शेवटी मानलं. प्रोग्रॅम आम्ही लिहिला होता, पण गिऱ्हाईक नाना होते, केराबाई नव्हती. ती आमच्या कुठल्याच कागदावर गिऱ्हाईक नव्हती.

आत आलो तर सुजाता नानांच्या समोर उभी. तिनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, “नाना, केराबाईंना काय सांगायचं?”

नाना हसले. “म्या सांगतो की, बाय. चाचनीत मशीन बिगडलं हुतं म्हनून.”

हे मला सगळ्यात लागलं. बिघडलेलं काहीच नव्हतं. त्या संस्थेत तेवढी एकच गोष्ट नीट चालत होती, आणि तिलाच बिघाड म्हणायचं ठरलं.

काढायचं काम मी घेतो म्हणालो. सुजाता म्हणाली, “नको सर, मीच काढते. तुम्ही घाईत काहीतरी मोडाल.” तिनं दुपारभर बसून ते काम केलं. ‘घालणारी’ पुसली नाही. तिच्याकडं जाणाऱ्या वाटा तेवढ्या एका ठिकाणी आणून बंद केल्या, कुलपासारख्या. चिठ्ठी परत एका नावाची झाली. ती घेऊन गावाला मी गेलो, तिला नेलं नाही. रांगेत केराबाईनं चिठ्ठी वाचली, उलटी करून मागं बघितलं आणि मला विचारलं, “दुरुस्त झालं व्हय मशीन?” मी काहीतरी पुटपुटलो. ती किटली घेऊन गेली.

त्या शनिवारी भडंग आलं, वर्तमानपत्र पसरलं. मी म्हणालो, “आत्या, पाळण्यात तीन पोरं आहेत.”

“आजपासून ज्याचं त्यानं ठेवा, सर,” सुजाता म्हणाली. रागानं नाही. तिनं भडंग खाल्लं, माझ्या पाठीला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं आणि काम करत राहिली. पण त्यानंतर आमच्याकडं बारसं झालं नाही. शेजारच्या गावांची कामं आली, श्रीपालचा हिशेब खरा ठरला. आम्ही एका डेअरीचा प्रोजेक्ट उचलून दुसऱ्या नावानं ठेवायचो, मग तिसऱ्या. चूक एकीकडं दुरुस्त केली की दुसरीकडं तशीच राहायची. पाळणा भरत गेला. वर्षभरात ‘काम दोन’ परत आला आणि त्याच्या मागोमाग ‘इतर’सुद्धा.

सुजाता पुण्याला एका मोठ्या कंपनीत गेली. निरोपाच्या दिवशी मी तिला थांब म्हणालो, पगाराचं बघू म्हणालो. ती म्हणाली, “पगाराचं नाही, सर. तिथं सगळी नावं इंग्रजीत ठेवतात, गिऱ्हाईक सातासमुद्रापार. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं गेलं, ते आपल्याला कळत नाही. तेच बरं.” त्या पोरीच्या तोंडून हे ऐकावं लागलं ह्याचं मला आजही वाईट वाटतं. तिच्या हाताला जो गुण होता तो आम्ही आमच्या ऑफिसात जपू शकलो नाही.

दशक संपता संपता सगळीकडं सालाची धांदल उडाली. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं, नव्या शतकात ते शून्य-शून्य होणार, म्हणून जिथं जिथं आमची मशीनं होती तिथं तिथं जाऊन दुरुस्ती करायची होती. त्याच सुमाराला नानांचा फोन आला.

“साहेब, आमच्या गावाला यायलाच लागलायसा तर एक काम करा. वरनं हुकूम आलाय, बायास्नी सभासद करा म्हून. त्ये तुमचं दुसरं नाव आत हाय नव्हं अजून?”

होतं. मी तिथं जाऊन प्रोजेक्ट उघडला. सुजाताचे साचे आपापल्या खोलीत जसेच्या तसे. माझ्या हातचं असतं तर आठवडा गेला असता. मी एका ठिकाणचं कुलूप काढलं आणि सगळं सुरू झालं. चाचणीच्या आठवड्यात तिनं घातलेली नावंही आतच होती. मी पहिलं खातं उघडून चिठ्ठी छापली. प्रिंटर करकरला. सभासदाचं नाव, आणि खाली, ‘दूध घालणारी: केराबाई’.

नाना शेजारी उभे होते. थोडे वाळले होते. चिठ्ठी बघून म्हणाले, “केरा न्हाई आता घालत.”

“का?”

“म्हस इकली तिनं. औंदाच्या दुष्काळात.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “चाऱ्याच्या उचलीला सही पायजे हुती. त्येचं पत्तुर येळंला आलं न्हाई. म्या सेक्रेटरीला म्हनलं, दे. पर कागदावर तिचं नाव न्हाई, त्यो तरी कसा देनार?”

चिठ्ठी घेऊन मी तिच्या घरी गेलो. गोठा सारवून स्वच्छ होता, दावणीला काही नव्हतं, कोपऱ्यात सरपण रचलेलं. केराबाईनं मला ओळखलं. घोंगडं टाकलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी चिठ्ठी पुढं केली. तिनं पहिल्यासारखंच बोट ठेवून वाचलं.

“नाव आलं म्हना की,” ती म्हणाली. “आन म्हस गेली.”

मी म्हणालो, “आता सभासद करतायत बायकांना.”

“दूध घालनारीला करत्यात. म्या काय घालू?” ती चिडली नव्हती. चिठ्ठीची घडी करत म्हणाली, “ती पोरगी कुटं हाय हो? खुर्चीवर बसली हुती ती?”

“पुण्याला असते.”

“डेरीत मला नाव इचारनारी ती पयलीच. तिला द्या ही. तिच्या कामाची हाय.” आणि घडी केलेली चिठ्ठी तिनं माझ्या हातात ठेवली.

परत येताना एसटीत मला बसवेना. पाठीमुळं नव्हे. बैल गेला नि झोपा केला, असं आपल्याकडं म्हणतात, ते आपण दुसऱ्याला म्हणतो तेव्हा सोपं असतं.

चिठ्ठी मी पुण्याला पाकिटातून पाठवली आणि चार दिवसांनी सुजाताचा फोन आला. मी जे झालं ते सगळं सांगितलं. कुलूप एका ठिकाणी ठेवलंस म्हणून किती सोपं गेलं, तेही सांगितलं. ती म्हणाली, “सर, तेव्हा बंद केलं नसतं, तर वर्षभरात तिचं नाव लागलं असतं. दुष्काळाच्या आधीच ती सभासद झाली असती. सही तिनंच केली असती.”

“हो,” मी म्हणालो. “झाली असती.”

मग तिनं माझ्या पाठीची चौकशी केली, आणि मी पुण्याच्या हवेची.